एक बारीकशी चीर

बांधकामावर त्याला सगळे ‘वरचा’ म्हणायचे. साठ मीटर उंचीच्या टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये तो बसायचा आणि खालच्या पन्नासेक माणसांची कामं त्याच्या हातातल्या दोन दांड्यांवर चालायची. सळ्या हव्यात? वरच्याला सांगा. काँक्रीटची बादली अजून आली नाही? वरच्याची मर्जी. नवीन आलेल्या गवंड्याला पहिले दोन दिवस वाटायचं, ही मंडळी भलतीच देवभोळी दिसतायत.

वरच्याचं वय सत्तेचाळीस. त्यातली एकवीस वर्षं क्रेनवर गेलेली. सकाळी सातला तो शिडी चढायला घ्यायचा, वर पोचायला पंधरा मिनिटं लागायची, आणि एकदा चढला की संध्याकाळीच खाली. याचा त्याला मोठा अभिमान होता. दुसरे ऑपरेटर जेवायला उतरत, चहाला उतरत. हा डबा वरच खायचा. पाणी प्यायलं की उतरणं आलं, म्हणून पाणी ओठ ओले करण्यापुरतंच. सकाळी घरात घाई, वर काही सोय नाही, त्यामुळे पोटाने हाक मारली तरी तो तिला ‘संध्याकाळी बघू’ म्हणायचा. अशी वर्षानुवर्षं टाळाटाळ झाल्यावर पोटानेही हाक मारायचं कमी केलं. दोन-दोन, तीन-तीन दिवस निघून जायचे. त्यात काही विशेष आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

एका सोमवारी सकाळी, तीन दिवस टाळल्यानंतर, संडासात बसला असताना त्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. कुणी आतून काचेचा तुकडा ओढून काढावा तशी कळ आली. ओरडायला नको म्हणून त्याने नळाचा पाइप घट्ट धरून ठेवला. पुसायच्या कागदावर लालभडक रक्ताचा डाग होता. मोठा नव्हता, नखाएवढा. पण लाल.

तेवढ्यावर भागलं असतं तर त्याने सोडून दिलं असतं. पण खरं दुखणं नंतर सुरू झालं. क्रेनच्या खुर्चीत बसल्यावर आत कुणीतरी कपडा पिळावा तसा पीळ पडायला लागला, आणि तो दोन तास सुटला नाही. दुपारी कमी झाला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

मूळव्याध, त्याने मनाशी ठरवून टाकलं. दुसरं काही असूच शकत नाही. असं ठरवून टाकण्याला कारण होतं.

त्याचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले होते. आतड्याच्या कॅन्सरने. वर्षभर रक्त जात होतं आणि त्यांनी घरात ब्र काढला नव्हता. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली. वरचा तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या दादाला त्या डॉक्टरांनी बाहेर बोलावून घेतलं होतं आणि हळू आवाजात विचारलं होतं, “इतके दिवस काय करत होतात तुम्ही?” तो प्रश्न दोघा भावांनी पुन्हा कधी आपसात काढला नाही. वडिलांची गोष्ट निघाली की दादा हवापाण्याचं बोलायचा.

आता स्वतःच्या कागदावर रक्त दिसल्यावर वरच्याने नेमकं तेच केलं, जे वडिलांनी केलं होतं. तो गप्प बसला.

गंमत अशी की त्याची बायको औषधांच्या दुकानात काम करायची. सतरा वर्षं. कुठलं मलम कशाला हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण तिला विचारायचं म्हणजे तिला सांगायचं. म्हणून वरच्याने कामावरून येताना चार थांबे आधी उतरून एका अनोळखी दुकानातून मलमाची ट्यूब आणली. काउंटरवरच्या तरुणाला “ते… बसायच्या जागेचं… मलम” असं सांगताना त्याचे कान तापले होते. तरुणाने न बघताच एक ट्यूब पुढे सरकवली. लावल्यावर जागा बधिर व्हायची, तासभर बरं वाटायचं. मग पुन्हा तोच पीळ.

असे तीन महिने गेले. तो रात्रीचं जेवण कमी करायला लागला, कारण खाल्लं की सकाळी जावं लागणार. सकाळी जायच्या भीतीने तो अजून एक दिवस टाळायचा, आणि टाळल्यावर जे व्हायचं ते आणखी वाईट व्हायचं. बायको म्हणायची, “अहो, बसून जेवा की. उभ्याने काय जेवताय, गाडी सुटतेय का?” तो म्हणायचा, कंबर आखडलीय. पट्टा दोन भोकं आत गेला. वजन उतरलेलं बघून त्याची उरलीसुरली झोपही गेली. वडिलांचंही वजन असंच उतरलं होतं.

*

खाली, जमिनीवर, वरच्याचे डोळे म्हणजे झेंडा. वॉकीटॉकी येण्याआधीच्या काळात तो लाल-हिरवे झेंडे दाखवून क्रेनला खुणा करायचा, तेव्हापासून हे नाव चिकटलेलं. ओझं कुठे उचलायचं, कुठे टेकवायचं हे झेंडा सांगायचा आणि वरचा करायचा. बारा वर्षांत दोघांनी एकमेकांचा आवाज जितका ऐकला होता तितका घरच्यांचाही ऐकला नसेल.

त्या गुरुवारी सकाळी काँक्रीटची एक तयार भिंत सातव्या मजल्यावर चढवायची होती. तीन टनांचं धूड. वरचा नेहमीप्रमाणे एका बाजूला कलून, अर्धा उभा, अर्धा टेकून बसला होता. ती सकाळ वाईट गेली होती. पीळ नुसता पडला नव्हता, आवळत चालला होता.

“हळू घे, डावीकडे. अजून डावीकडे. बास,” झेंडा सांगत होता.

नेमकी तेव्हा एक कळ सणकून वर आली. वरच्याचा हात एका क्षणापुरता दांड्यावर आवळला गेला. भिंत झोका घेऊन बाजूच्या परांचीवर, म्हणजे कामगारांच्या लाकडी फळ्यांच्या मचाणावर, घासून गेली. एक फळी सुटली आणि खाली रिकाम्या वाळूत जाऊन रुतली. दोन सुतार मिनिटभरापूर्वीच तिथून उठून गेले होते.

काही झालं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण वरच्याला घाम फुटला तो थांबेना.

“दांडे सोड,” वॉकीटॉकीतून झेंड्याचा आवाज आला. शांत, पण वेगळाच. “ओझं स्थिर होऊ दे. आता हळूच खाली टेकव. हां. आता पाच नंबरवर ये.”

पाच नंबरचा चॅनेल कुणी वापरत नसे. वरच्याने बटण फिरवलं.

“काय झालंय तुला?”

“काही नाही. वारा होता.”

“वारा? माझ्या डोक्यावरची टोपी हलत नाहीये, आणि वारा? हे बघ, महिनाभर बघतोय मी. तुझं डोकं खिडकीत नेहमी दिसतं तिथे दिसत नाही, वीतभर वर दिसतं. तू उभ्याने क्रेन चालवतोयस.”

“अर्धा उभा,” वरचा म्हणाला.

“का?”

वरच्याने बोलायचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग वरच्याने सांगितलं. कुठे दुखतं ते सांगितलं, किती दुखतं ते सांगितलं, आणि शेवटी, जे तीन महिने ओठांवर आणलं नव्हतं ते, “रक्त जातं रे,” असंही सांगून टाकलं. समोर माणूस नव्हता, नुसता काळा डबा होता, म्हणून जमलं असावं.

झेंडा हसेल असं त्याला वाटलं होतं. झेंडा हसला नाही.

“खाली उतर,” तो म्हणाला. “साहेबाला मी सांगतो, चक्कर आली म्हणून. पण डॉक्टरला दाखवल्याशिवाय परत शिडीला हात लावायचा नाहीस. लावलास तर मी खरं काय ते सगळ्यांना सांगीन, आणि मोठ्याने सांगीन. कळलं?”

वरच्याने मान हलवली.

“मान हलवलेली मला इथून दिसत नाही. तोंडाने बोल.”

“कळलं.”

*

दुपारी बायको जेवायला घरी आली तेव्हा नवरा पलंगावर पालथा पडलेला, आणि हाताशी ट्यूब. ती दारातच थांबली. पर्स खाली ठेवली, ट्यूब उचलली, पाठपोट वाचली.

“किती दिवस लावताय हे?”

“तीन महिने.”

“तीन महिने! सात दिवसांच्या वर लावू नका असं लिहिलंय यावर. कातडी पातळ होते याने. कुणी दिलं?”

“असंच. एका दुकानातून.”

“कुठल्या?”

त्याने सांगितलं. ती मटकन पलंगाच्या कडेला बसली.

“दुसऱ्या दुकानातून,” ती म्हणाली. “रोज माझ्याकडे पाच-सहा जण येतात. आधी खोकल्याच्या गोळ्या मागतात, मग वजनकाट्यावर उभे राहतात, मग दुकान रिकामं होईपर्यंत टूथब्रश बघत बसतात. मी लांबूनच ओळखते. बाजूला घेऊन, नीट विचारून, डॉक्टरकडे पाठवते एकेकाला. आणि माझा नवरा चार थांबे आधी उतरून दुसऱ्या दुकानात जातो!”

“लाज वाटली.”

“माझी?”

“लाजेचं जाऊ दे,” तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. “रक्त जातंय. वजन उतरलंय. बाबांसारखं.”

तिचा रागाचा पारा झर्रकन उतरला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तो हात निघाला, कारण तिला फोन करायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली.

*

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बुटक्या, केस बारीक कापलेल्या. बाई आहेत हे कळल्यावर वरचा दारातून मागे फिरणार होता, पण बायको त्याच्या मागेच उभी होती आणि तिची वाटेतून सरकायची तयारी नव्हती.

“बसता येतंय का? नसेल तर उभे राहा, इथे कुणी ओरडत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुखतं कधी? जाताना की नंतर?”

“दोन्ही. जाताना काच, आणि नंतर दोन-तीन तास पीळ.”

“रक्त?”

“लाल. कागदावर. कधी दोन थेंब भांड्यात.”

“काळपट? शौचात मिसळलेलं?”

“नाही.”

“शौच पूर्वीपेक्षा बारीक होतं? कधी जुलाब, कधी कोंडतं, असं काही?”

“कोंडतंच. वीस वर्षं.”

“वजन?”

“सहा किलो उतरलं.”

“जेवण किती करता?”

बायको म्हणाली, “चिमणीएवढं. खाल्लं की जावं लागेल म्हणून खातच नाहीत.”

तपासणीच्या टेबलावर कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे बघताना वरच्याला वाटलं, साठ मीटरवरून खाली बघणं याच्यापेक्षा सोपं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मी आत काही घालणार नाही. फक्त बघणार आहे. थांबा म्हणालात की थांबेन.” आणि खरंच, अर्ध्या मिनिटात झालं. त्याने श्वास रोखून धरला होता तो तसाच राहिला.

“सोडा आता श्वास,” त्या हातमोजे काढत म्हणाल्या. “मूळव्याध नाहीये ही. चीर आहे. मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, अर्ध्या इंचाचीसुद्धा नाही.”

“चीर?”

“ओठ फुटतो ना थंडीत, तशी. कडक शौच बाहेर पडताना कातडी फाटली. आता बघा.” त्यांनी आपली मूठ त्याच्यासमोर धरली. “इथे एक गोल स्नायू असतो. तो तुमच्या हुकमात नाही, आपल्या मर्जीने चालतो. कातडी फाटली की तो घाबरून असा आवळतो.” मूठ घट्ट झाली, बोटांची पेरं पांढरी पडली. “तुम्हाला जो पीळ वाटतो तो हाच. आणि माझी बोटं कशी पांढरी झाली बघा. आवळलं की रक्त पोचत नाही. रक्त पोचलं नाही की चीर भरत नाही. तोवर तुम्ही भीतीने दोन दिवस जात नाही, शौच आणखी कडक होतं, आणि परत त्याच जागी फाटतं. तीन महिने हेच चाललंय.”

वरचा त्या मुठीकडे बघत राहिला. तीन महिने जे आत भुतासारखं बसलं होतं, ते कुणीतरी बाहेर काढून टेबलावर ठेवावं तसं त्याला वाटलं.

“म्हणजे… ते नाही?”

“ते म्हणजे काय?”

त्याने वडिलांचं सांगितलं. किती वर्षांचे होते, किती दिवस लपवलं, सगळं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“तुमचं दुखणं आणि तुमचं रक्त, दोन्ही या चिरेचंच दिसतंय मला,” त्या म्हणाल्या. “वजन न खाल्ल्याने उतरलंय, माझा असा अंदाज आहे. पण नुसत्या अंदाजावर मी तुम्हाला सोडणार नाही. तुमचं वय आणि तुमचे वडील, दोन्ही बघता आतून दुर्बिणीची तपासणी एकदा करायलाच हवी. ही चीर नसती तरी ती करायला सांगितली असती. आधी ही भरू दे, मग करू. लपवायचं मात्र बंद.”

“हो.”

“आता उपाय. मोठं काही नाही, पण नेमाने करायचं.” त्यांनी बायकोकडे बघून सांगायला सुरुवात केली, मग थांबल्या आणि त्याच्याकडे वळल्या. “नाही, तुम्हीच ऐका. दुखणं तुमचं आहे. स्नायू सैल करणारं मलम, वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा. याच्यात दोन प्रकार असतात. एकाने डोकं चांगलंच दुखतं, गरगरतंही. तुम्ही काम काय करता?”

“क्रेन चालवतो. साठ मीटरवर.”

“मग ते नकोच. दुसरं देते. यानेही एखाद्याला डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं, म्हणून पहिला आठवडा जमिनीवर काढा. सकाळी शौच झाल्यावर आणि संध्याकाळी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. पाण्यात काही घालायचं नाही, नुसतं पाणी. रोज झोपताना इसबगोल, आणि शौच मऊ करायचं हे औषध. फळं, पालेभाज्या, पोटभर जेवण. आणि पाणी. किती पिता?”

“वर सोय नसते…”

“किती?”

“अर्धी बाटली.”

“दिवसाला?”

त्याने होकार दिला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “अहो, झाडालासुद्धा याच्याहून जास्त घालतात. दर तीन तासांनी खाली उतरायचं, पाणी प्यायचं, आणि हाक आली की जायचं. मी चिठ्ठी देते साहेबांना. कुंथायचं नाही. पायाखाली छोटा स्टूल घ्या, सोपं जातं. सहा ते आठ आठवडे लागतील. यानेही नाही भरली तर पुढे इंजेक्शन आहे, छोटं ऑपरेशन आहे. पण बहुतेकांवर ती वेळ येत नाही.”

बाहेर आल्यावर जिन्यात वरचा थांबला. बायकोला वाटलं कळ आली. पण तो हसत होता, हसता हसता डोळे पुसत होता.

“काय झालं?”

“ओठ फुटतो तशी,” तो म्हणाला. “ओठ!”

*

बायकोने त्याच संध्याकाळी एक प्लॅस्टिकचा पसरट टब आणला. बाथरूममध्ये तो ठेवून, कोपर बुडवून पाण्याची ऊब बघून तिने हाक मारली. वरचा आत गेला, टबाकडे बघितलं आणि म्हणाला, “आयुष्यभर घमेली उचलली. आता घमेल्यात बसायची पाळी आली.”

“बसा, बसा. उचलायला मी आहे.”

बसल्यावर पहिली दोन मिनिटं काही नाही. मग हळूहळू, आवळलेली मूठ बोट-बोट करत उघडावी तसा आतला पीळ सैल पडत गेला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. त्याने डोळे मिटले. बाहेरून बायकोने दोनदा विचारलं, “झोपलात की काय?”

सगळं सरळ रेषेत झालं असं नाही. दहा दिवसांत इतकं बरं वाटलं की अकराव्या दिवशी इसबगोल राहिलं, बाराव्या दिवशी पाणी राहिलं, आणि तेराव्या सकाळी पुन्हा काच. वरच्याचं धाबं दणाणलं. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “नवीन कातडी आहे, नाजूक असणारच. चालू ठेवा.” त्याने चालू ठेवलं. त्यानंतर मात्र कानाला खडा.

कामावर चिठ्ठी दाखवली तेव्हा साहेबाचं तोंड वाकडं झालं. “दर तीन तासांनी क्रेन थांबवायची? एवढी वर्षं तर उतरत नव्हतास.”

“एवढी वर्षं चुकत होतो,” वरचा म्हणाला.

झेंडा बाजूलाच उभा होता. त्याने साहेबाला त्या वाळूत रुतलेल्या फळीची जागा बोटाने दाखवली. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला क्रेन पाऊण-पाऊण तास थांबायला लागली. वरचा नसताना क्रेनवर बसणाऱ्या बदली ऑपरेटरलाही ते सोयीचं पडलं. तोही पाणी पीत नसे, असं आता कळलं.

सातव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बघितलं. “भरली,” त्या म्हणाल्या. एवढंच. वरच्याला वाटलं होतं, आणखी काहीतरी म्हणतील. पण भरलेल्या चिरेबद्दल म्हणण्यासारखं काही नसतं.

*

दुर्बिणीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं खारट औषध लिटर-लिटरने प्यायचं होतं. त्याने ते नाक दाबून प्यायलं आणि दिवसभर संडासाच्या दारात खुर्ची टाकून बसला. बायको येता-जाता विचारायची, “काय, आज उतरणं-चढणं किती वेळा?” त्याने अकरापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

पण सकाळी दवाखान्यात हिरवा गाऊन घालून पलंगावर पडल्यावर हसू कुठच्या कुठे गेलं. छताला एक पंखा होता. त्याला आठवलं, वडिलांच्याही पलंगावर असाच एक पंखा होता आणि ते तासन्‌तास त्याच्याकडे बघत राहायचे. त्याने बायकोचा हात धरला. तिचाही हात गार होता.

“तुला काय वाटतं?” त्याने विचारलं.

“एवढंच वाटतं की तुम्ही इथे आलात,” ती म्हणाली. “बाकी काही वाटून घेत नाही मी.”

नर्सने हातात सुई लावली, औषध दिलं, आणि पुढचं त्याला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा बायको बाजूला उभी होती. ती रडत होती, म्हणून तो धडपडत कोपरावर उठायला लागला. मग दिसलं की डॉक्टरीणबाई हसतायत.

“सगळं स्वच्छ,” त्या म्हणाल्या. “एक गाठ नाही, एक जखम नाही. पाच वर्षांनी पुन्हा या, वडिलांमुळे. तोवर पाणी प्या.”

वरच्याचा जीव भांड्यात पडला. त्याला एकदम, कधी नव्हे इतकी, भूक लागली. कॅन्टीनमध्ये त्याने अंडी खाल्ली, टोस्ट खाल्ले, दोन केळी खाल्ली, बायकोच्या ताटातलंही खाल्लं. आणि मग तोंड पुसून फोन काढला.

“कुणाला?”

“दादाला.”

दादा पाच वर्षांनी मोठा, दुसऱ्या गावात राहणारा, महिन्याकाठी एकदा बोलणारा. फोन उचलल्यावर त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, “काय रे, तिकडे ऊन किती?”

“दादा, ऊन राहू दे. मी आज आतड्याची तपासणी केली.”

“का?” दादाने विचारलं. आवाज बदलला होता.

“रक्त जात होतं. तीन महिने लपवलं मी. चीर निघाली, भरली. आतही काही नाही. पण बाबांमुळे आपण दोघांनी तपासून घ्यायला पाहिजे, असं डॉक्टर म्हणाल्या. तूसुद्धा.”

वरच्याला वाटलं, आता तो पाऊसपाण्यावर जाईल. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मलाही जातं,” दादा म्हणाला. “दोन वर्षं झाली.”

वरचा खुर्चीत ताठ बसला. ओरडावं असं त्याला वाटलं. दवाखान्यातला तो जुना प्रश्न जिभेवर आला होता, पण तो त्याने गिळला.

“दुखतं का?”

“नाही. नुसतं रक्त. मधूनमधून.”

“वहिनीला माहितीय?”

“वेडा आहेस का?”

“आज सांग. मी परवा येतो, आपण दोघं जाऊ. मी बाहेर बसतो.” मग जरा थांबून म्हणाला, “ते औषध भयंकर खारट असतं. बरोबर लिंबू घे.”

तिकडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की कशाचा हे वरच्याला कळलं नाही. “ये मग,” दादा म्हणाला. “परवाच ये.”

दादाच्या आतड्यात दोन छोट्या गाठी निघाल्या, मोडासारख्या, देठावर लोंबणाऱ्या. दुर्बीण आत असतानाच त्या कापून काढल्या. आठवड्याने रिपोर्ट आला. दोन्ही साध्या होत्या, पण तशाच राहिल्या असत्या तर एखादी बिघडू शकली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आता तीन वर्षांनी पुन्हा बघायचं, एवढंच.

रिपोर्ट आला त्या दिवशी वरचा दादाकडेच होता. वहिनी दोघांवर सारखीच चिडली होती आणि त्या रागातच वाढत होती, भरभरून. जेवताना दादाने पाण्याचा पेला उचलला, अर्धा संपवला, आणि म्हणाला, “बाबांना कुणीतरी असं धरून न्यायला हवं होतं रे.”

“हो,” वरचा म्हणाला. “आपण लहान होतो.”

“इतके लहान नव्हतो.”

“नव्हतो,” वरचा म्हणाला.

मग दोघंही बराच वेळ वडिलांबद्दल बोलत बसले. ते कसे चालायचे, कुठल्या गोष्टीला हसायचे, दोघांना सायकल शिकवताना कुणाला जास्त ओरडले. वहिनीने ताटं उचलली, टेबल पुसलं, दिवे लावले, तरी त्यांचं चाललंच होतं.